‘के’ची किंमत एक

वायसन कापालामुला सरांना आमच्या कॉलेजात कोणी घाबरत नव्हतं. त्यांच्यासमोर चुकायला मात्र सगळेच घाबरायचे. सर रागावत नसत. चूक दिसली की खडू खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "हं. आता हे कुठून आलं?" एवढंच. पण ते ऐकण्यापेक्षा दोन छड्या परवडल्या, असं वाटायचं. मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पुढे त्याच गणित विभागात, झोम्बाच्या डोंगराखालच्या त्या लाल विटांच्या इमारतीत, संख्याशास्त्र शिकवायला लागले. तरी माझी ती धास्ती काही गेली नाही. ते मला शेवटपर्यंत "तावोंगा, पोरी" म्हणाले, आणि मी त्यांना घरातल्या वडीलधाऱ्याला म्हणावं तसं "बांबो".

संगणकाचं वेड त्यांना पन्नाशीनंतर लागलं. कोणीतरी दान दिलेले चौदा जुने संगणक दोन वर्षं खोक्यांत पडून होते. सरांनी ते एकेक करून उघडले, उंदरांनी कुरतडलेल्या तारा बदलल्या आणि त्यांच्यावर बीजगणित करणारा एक फुकटचा प्रोग्राम घातला. साधा कॅल्क्युलेटर आकडे घेतो आणि आकडेच देतो. हा प्रोग्राम अक्षरं घेतो आणि अक्षरांतच उत्तर देतो. हाताने तीन पानं खाणारं समीकरण तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सोडवून समोर ठेवतो. सर त्याच्याकडे कौतुकाने बघत बसायचे, जसं कोणी नातवाकडे बघतं.

त्या प्रोग्रामची एक खोड मात्र आहे. एकदा त्याला सांगितलं की ‘एक्स’ म्हणजे पाच, की तो ते धरून बसतो. मग तासाभराने तुम्ही अगदी वेगळं गणित घातलंत आणि त्यात ‘एक्स’ आला, तरी तो काही न बोलता तिथे पाच बसवतो. विचारत नाही, सांगत नाही. म्हणून नवं काम सुरू करताना एक छोटी आज्ञा देऊन सगळी अक्षरं मोकळी करून घ्यायची असतात. सर दर वर्षी पहिल्याच तासाला हे शिकवायचे. मुलांकडून ती आज्ञा पंचवीस वेळा वहीत लिहून घ्यायचे.

खरं सांगायचं तर ती आज्ञा द्यायची वेळ आमच्याकडे कमीच यायची. दिवसातून दोनदा वीज जायची आणि तिच्याबरोबर संगणकाच्या डोक्यात असेल नसेल ते सगळं जायचं. परत आली की सगळं कोरं. मग त्या वर्षी सप्टेंबरात कॉलेजने सरांच्या संगणकाला इन्व्हर्टर बसवून दिला. सर लहान मुलासारखे खूश झाले. सोमवारी सकाळी लावलेला संगणक शुक्रवारी संध्याकाळीच बंद व्हायचा.

त्याच ऑक्टोबरात एस्नाथ काउंडे हिची तोंडी परीक्षा होती.

एस्नाथ चिल्वा सरोवराच्या काठी, काचुलूजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवायची. वय अडतीस. दोन मुलं आईकडे ठेवून, रजा घेऊन ती आमच्याकडे एम. एस्सी. करायला आली होती. बोलायची कमी. तिचा प्रबंध कॉलऱ्यावर होता. चिल्वावर कोळी लोक गवताच्या तरंगत्या झोपड्यांत महिनोन्‌महिने राहतात. तिथलंच पाणी पितात, आणि बाकीचंही सगळं तिथेच. एस्नाथने त्या झोपड्या, ते पाणी, आजारी माणसं आणि बरी माणसं यांची समीकरणं मांडली होती, आणि एक आजारी माणूस पुढे किती जणांना आजारी पाडेल याचं एक सूत्र काढलं होतं. हाताने. शाळेत संगणक नव्हताच. त्या सूत्रात एक अक्षर होतं, ‘के’. एक रोगी दिवसाला पाणी किती नासवतो, त्याचं ते माप.

सर तिचे मार्गदर्शक नव्हते. अंतर्गत परीक्षक होते. परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यांनी तिची समीकरणं आपल्या संगणकाला दिली, उत्तर छापून घेतलं आणि तो कागद घेऊन खोलीत आले. खोलीत आम्ही नऊ जण होतो. विभागप्रमुख डॉ. चिपेटा, बाहेरचे परीक्षक डॉ. म्पाशे, सर धरून आम्ही चार शिक्षक, आणि ऐकायला आलेले तीन विद्यार्थी. मी खिडकीजवळ टिपणं घ्यायला बसले होते.

एस्नाथने फळ्यावर सूत्र लिहिलं. सरांनी चष्मा वर सरकवला आणि आमच्याकडे बायकांना आदराने म्हणतात तसं ‘अमायी’ म्हणून विचारलं.

"अमायी, हे सूत्र तुम्ही स्वतः काढलंत?"

"हो सर."

"मग हा ‘के’ कुठून आला?"

ती फळ्याकडे वळली, परत सरांकडे. "पहिल्याच समीकरणात आहे, सर. तिथून खाली येतो."

"खाली येत नाही. वाटेत जातो." सरांनी कागद वर धरला. "मी तुमची समीकरणं जशीच्या तशी घातली. उत्तरात ‘के’ नाही. कुठेच नाही. वर नाही, खाली नाही. बाकी सगळं तुमच्यासारखं आहे, फक्त हे एक अक्षर तुम्ही घरून आणलंय."

मागचे विद्यार्थी खुदकन हसले.

"मी तीनदा केलंय, सर."

"तीनदा केलेली चूक तीनदा चूकच असते. यंत्राला तुमच्याशी वैर नाही, अमायी. हे सूत्र कुठे पाहिलंत का? एखाद्या पुस्तकात? दुसऱ्या कोणाच्या कामात?"

याचा अर्थ खोलीत सगळ्यांना कळला. एस्नाथच्या हातातला खडू मोडला. ती म्हणाली, "सर, ‘के’ गेला तर त्याचा अर्थ काय होतो बघा. माणसांनी पाणी नासवणं अगदी थांबवलं तरी साथ तेवढीच राहील, असा होतो. तसं कसं असेल? माझे दोन भाऊ राहतात त्या झोपड्यांत. मी बघते ना."

"भावांना आपण जरा बाजूला ठेवू," सर म्हणाले. "गणितात भाऊ नसतात."

यावर मात्र सगळेच हसले. डॉ. म्पाशे हसले, चिपेटा हसले. मीही हसले. फार नाही, पण हसले. एस्नाथने फळा पुसला, वह्या गोळा केल्या आणि आम्हाला गुडघे किंचित वाकवून, रीतीप्रमाणे नमस्कार करून ती बाहेर गेली.

निकाल असा लागला की मधला सगळा भाग पुन्हा करावा आणि वर्षाने परत यावं. कोणाच्या कामातून उचललंय, असं कागदावर कोणी लिहिलं नाही. पण कॉलेजच्या आवारात ते फिरायचं तसं फिरलं. मुलं तिला "अमायी के" म्हणायला लागली. ती वसतिगृहातून सामान न्यायला आली, तेव्हा एक जण पायऱ्यांवरून ओरडला, "अमायी, ‘के’ घेतला ना बरोबर? राहील इथेच." तिच्या शाळेत उपमुख्याध्यापकाची जागा तिच्यासाठी धरून ठेवलेली होती. डिग्री आली नाही म्हणताना ती दुसऱ्याला गेली.

फेब्रुवारीत सर पहिल्या वर्षाची प्रश्नपत्रिका काढत होते. एखाद्या जुन्या छापील कामातली चूक शोधा, असा प्रश्न त्यांना घालायचा होता, म्हणून ते कपाटातले जुने कागद चाळत होते. मी हजेरीचे तक्ते द्यायला गेले. सर टेबलाशी बसले होते आणि त्यांच्यासमोर एकच कागद होता. मी तक्ते ठेवले तरी त्यांनी वर बघितलं नाही.

"तावोंगा, पोरी, ही पहिली ओळ वाच."

मी वाचली. एस्नाथचं पहिलं समीकरण होतं.

"ओळीचा नंबर वाच."

तो प्रोग्राम प्रत्येक ओळीला आपणहून नंबर देतो. उघडल्यावर पहिली ओळ एक, मग दोन, तीन. या कागदावर पहिल्याच ओळीला नंबर होता सत्तेचाळीस.

मला लगेच कळलं नाही. सर खाली मान घालून म्हणाले, "म्हणजे त्याच्या आधी सेहेचाळीस ओळी होत्या. आदल्या दिवशी पहिल्या वर्षाला आलेख काढून दाखवला होता मी. त्यात ‘के’ला किंमत दिली होती."

"किती?"

"एक."

तेव्हा मला कळलं. दुसरी कोणतीही किंमत असती, दोन, सात, काहीही, तर तो आकडा उत्तरात कुठेतरी डोकावला असता आणि सरांसारख्या माणसाच्या नजरेतून सुटला नसता. पण एकाने गुणलं काय, भागलं काय, काहीच उरत नाही. ‘के’ नुसता नाहीसा झाला होता, जणू कधी नव्हताच.

"तू टाइप कर," सर उठून म्हणाले. "माझा हात नको लागायला."

मी अक्षरं मोकळी केली. एस्नाथची समीकरणं घातली. उत्तर आलं, त्यात ‘के’ होता, तिने फळ्यावर लिहिला होता नेमका तिथे. मग सर म्हणाले म्हणून मी ‘के’ची किंमत एक केली आणि तेच परत विचारलं. ‘के’ गेला. त्यांच्या कागदावरचं उत्तर अक्षर न्‌ अक्षर समोर आलं.

सर खुर्चीवर बसले. चष्मा काढून त्यांनी तो शर्टाला पुसला, परत घातला, परत काढला. नंतर म्हणाले, "सगळ्यांना पंचवीस वेळा लिहायला लावतो मी."

मला वाटलं, ते लगेच उठून चिपेटांकडे जातील. गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पाच दिवसांनी व्हरांड्यात मला थांबवून म्हणाले, "अजून कोणाला बोलली नाहीस ना?" मी नाही म्हटलं. "बरं," ते म्हणाले, "मी बघतो." मला तेव्हा बोलता आलं असतं. मीही ‘बरं’ म्हणाले आणि वर्गावर गेले.

असे एकोणीस दिवस गेले. सर तासाला यायचे, शिकवायचे, पण फळ्याकडे तोंड करूनच. कोणी चुकलं तर काही बोलायचे नाहीत. चहाच्या वेळी शिक्षकांच्या खोलीत यायचं त्यांनी सोडलं. मला वाटेत दिसले की ते बुटाची नाडी बांधायला वाकायचे. ज्या माणसाला मी वीस वर्षं घाबरले, तो आता मला घाबरत होता, आणि हे मला बघवत नव्हतं. म्हणून मीही वाट बदलायला लागले.

विसाव्या दिवशी ते चिपेटांकडे गेले. नंतर त्यांनीच मला सांगितलं. चिपेटा म्हणाले होते, "बांबो, दोन वर्षांनी तुम्ही निवृत्त होताय. आता कशाला उकरून काढता? तिला फेरविचार झाला असं पत्र पाठवा. थोड्याफार सुधारणा करून दे म्हणावं, आणि आपण पास करून टाकू. तिचंही काम होईल, तुमचंही झाकलं जाईल. कोणाचं काय जातंय?"

सरांनी ते ऐकलं. हेच मला सांगायला जड जातं, पण तसंच घडलं. त्यांनी पत्र लिहिलं. सात मार्चचं. मी ते वाचलं होतं. सुंदर अक्षर, सुंदर भाषा. ‘परीक्षक मंडळाने आपल्या प्रबंधाचा सहानुभूतीने पुनर्विचार केला असून, किरकोळ सुधारणा केल्यास...’ असं काहीसं. चूक कोणाची, कशी, याचा त्यात शब्द नव्हता.

एस्नाथचं उत्तर दहा दिवसांनी आलं. शाळेच्या वहीचं पान. ‘आदरणीय सर, मी सगळं पुन्हा दोनदा करून पाहिलं. तेच येतं. कोणती सुधारणा करायची ते कृपया कळवावं.’

सरांनी ते पान आणून माझ्या टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "उद्या तुला तास आहेत का?"

"दुपारचे आहेत."

"सकाळी माझ्याबरोबर काचुलूला येशील? एकट्याने जायचं धाडस होत नाही मला."

मिनीबसने काचुलूपर्यंत गेलो आणि पुढे भाड्याच्या सायकलींवर, मागे बसून. सरांनी कोट घातला होता. लाल धुळीने तो दहा मिनिटांत माखला. शाळेत मुख्याध्यापकांनी आम्हाला ओळखलं, खुर्च्या मांडल्या, चहा आणि तळलेल्या गोड भज्यांची ताटली आणवली. एस्नाथ वर्गात होती. एकाने जाऊन सांगितलं, झोम्बाहून कापालामुला सर आलेत. तिने निरोप पाठवला, तास संपल्यावर येते. तास संपला, ती आली नाही. तिचा पुढचाही तास होता. सरांनी चहाला हात लावला नाही. खिडकीतून तिचा आवाज येत होता, ती मुलांकडून अपूर्णांक म्हणून घेत होती. सर मान खाली घालून ऐकत होते.

ती आली तेव्हा हाताला खडू होता. तिने रीतीप्रमाणे नमस्कार केला, पण बसली नाही. मुख्याध्यापक उठायला लागले, तर म्हणाली, "बसा ना सर. काही खासगी नसेल."

सर उभे राहिले. "अमायी, तुमचं सूत्र बरोबर होतं. चूक माझी होती."

"कोणती?"

त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशीचा वर्ग, ‘के’ची किंमत, इन्व्हर्टर, सत्तेचाळीस नंबर, सगळं. मधे कुठे शब्द अडला तरी थांबले नाहीत. ती ऐकत राहिली.

"म्हणजे ‘के’ होता," ती म्हणाली.

"होता."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "फेब्रुवारीत."

"पत्र मार्चचं आहे."

"हो."

"त्यात मला सुधारणा करायला सांगितलंय."

"हो, अमायी."

"कशात करायची होती सुधारणा?"

मुख्याध्यापक ताटलीकडे बघत होते. बाहेर मुलांचा गलका चालला होता, कारण पुढच्या तासाची घंटा झाली होती आणि त्यांच्या बाई आल्या नव्हत्या.

"मी डॉ. चिपेटांना लेखी देतो," सर म्हणाले. "सगळं स्पष्ट लिहून देतो. आजच."

"पत्र नको, सर. पत्रं तुम्हाला छान लिहिता येतात." तिचा आवाज चढला नव्हता. "तिथे नऊ माणसं होती. मी चोरी केली असं त्यांना वाटलं, ते पत्रामुळे नाही वाटलं. तुम्ही बोललात म्हणून वाटलं. त्यांना बोलवा. तीच खोली, तोच संगणक. मी येईन आणि मागे बसेन. मला बोलायला लावू नका."

"बोलावतो," सर म्हणाले.

"आणि माझ्या भावांबद्दल काय म्हणालात, तेही तिथे सांगा."

एवढं बोलून ती वर्गावर गेली.

परत येताना मिनीबसच्या मागच्या बाकावर, वाळलेल्या मासळीच्या पोत्यांमधे आम्ही बसलो होतो. झोम्बा जवळ आलं तेव्हा सर म्हणाले, "त्या दिवशी तू हसली होतीस का गं?"

"हो, बांबो."

"हं," ते म्हणाले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते झालं. नऊपैकी सात जण आले. डॉ. म्पाशेंनी कामात असल्याचा निरोप पाठवला. विद्यार्थ्यांतला एक नोकरीला लागून लिलाँग्वेला गेला होता. पण बाकी खोली भरलेली होती, कारण सरांनी सूचनाफलकावर स्वतःच्या हाताने लिहून लावलं होतं: ‘माझी एक चूक दाखवणार आहे.’ मुलांना वाटलं, काहीतरी गंमत असेल.

एस्नाथ शेवटच्या बाकावर बसली. सरांनी संगणक लावला, पडद्यावर ओळी दिसायला लागल्या. पहिल्यांदा त्यांनी ‘के’ची किंमत एक केली, समीकरणं घातली, उत्तर दाखवलं. मग अक्षरं मोकळी करायची आज्ञा द्यायची होती. ते चुकीचं टाइप करून बसले आणि प्रोग्रामने चूक दाखवली. पुन्हा केलं, पुन्हा चुकलं. पुढच्या बाकावरची दोन मुलं एकमेकांना कोपर मारायला लागली. मला उठून मदत करावीशी वाटली, पण मी जागेवरच बसून राहिले. तिसऱ्यांदा जमलं. पुन्हा समीकरणं, पुन्हा उत्तर. पडद्यावर ‘के’ आला.

"अमायी काउंडे यांचं सूत्र हे असं होतं," सर म्हणाले. "ऑक्टोबरात याच फळ्यावर होतं. मी त्यांना विचारलं, हे कुठून उचललं. त्यांनी कुठूनच उचललं नव्हतं. त्यांनी मला कारणही सांगितलं होतं, यंत्राशिवाय, साध्या शब्दांत. काठावरच्या कोणालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मी ऐकत नव्हतो."

चिपेटा खुर्चीत चुळबुळले. "बांबो, पुरे आता. यंत्राकडून होतं असं कधीकधी."

"यंत्राकडून नाही झालं. मी सांगितलेलं त्याने लक्षात ठेवलं. मी विसरलो." टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. "मी असंही म्हणालो की गणितात भाऊ नसतात. सूत्र चुकलेलं असतं, तरीही मी ते म्हणायला नको होतं. आणि हे सगळं मला फेब्रुवारीत कळलं. एकोणीस दिवस मी गप्प बसलो. मग त्यांना एक खोटं पत्र लिहिलं. ते सही करून पाठवलंही."

मुलांनी एकमेकांकडे बघणं बंद केलं होतं. एवढा मोठा माणूस असं बोलताना आम्ही कोणी कधी पाहिलं नव्हतं, आणि कुठे बघावं हे आम्हाला कळत नव्हतं. मी टिपणवहीकडे बघत राहिले. एकोणीस दिवस सर एकटेच गप्प नव्हते. पण त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मीही उभी राहिले नाही.

सरांनी मागच्या बाकाकडे पाहून म्हटलं, "अमायी, या सगळ्यांसमोर मी तुमची माफी मागतो." आणि ते गुडघ्यांवर बसायला लागले, आमच्याकडे लहानांनी मोठ्यांपुढे बसावं तसं. साठीच्या माणसाला ते सहज जमेना. एस्नाथ झटकन उभी राहिली. "तसं नका करू, सर," ती म्हणाली. "उठा." ती तेवढंच बोलली. सर उठेपर्यंत उभी राहिली आणि मग पिशवी घेऊन निघून गेली. माफी दिली असं तिने म्हटलं नाही. सरांनीही तिला विचारलं नाही.

तीन आठवड्यांत तिचा निकाल लागला. उपमुख्याध्यापकाची जागा गेली ती गेलीच. दोन वर्षांनी तिला वरच्या भागातल्या दुसऱ्या शाळेत मिळाली, घरापासून लांब. प्रबंधाची एक प्रत जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीतल्या एका बाई मागून घेऊन गेल्या. त्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

सरांनी परीक्षक म्हणून काम करायचं सोडलं. चिपेटांनी समजावलं, पण ते बधले नाहीत. पहिल्या वर्षाचेच तास घेत राहिले. त्यांच्याबद्दल आता मुलांची भीड चेपली होती. फळ्यावर काही लिहिलं की कोणीतरी मागून म्हणायचं, "सर, आधी पुसलंत का?" आणि हशा व्हायचा. सर वळून म्हणायचे, "पुसलंय. पण तू तपासून बघ." आणि खरंच त्या मुलाला पुढे बोलवून तपासायला लावायचे. निवृत्तीच्या समारंभाला ते आले नाहीत. बरं नाही म्हणून कळवलं. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोमासीच्या घरी गेले, तर टोमॅटोच्या वाफ्यांना पाणी घालत होते.

"बरं नव्हतं ना, बांबो?"

"भाषणं झाली असती," ते म्हणाले. "कोणीतरी उठून म्हणालं असतं की हा माणूस कधी चुकला नाही. मला ते ऐकवलं नसतं. किंवा कोणीतरी ती गोष्ट सांगितली असती, केवढा मोठा माणूस, सगळ्यांसमोर चूक कबूल केली, म्हणून. ते तर त्याहून ऐकवलं नसतं. तिने सगळ्यांना बोलवायला लावलं म्हणून मी केलं, पोरी. माझ्यावर असतं तर ते पत्रच राहिलं असतं."

मी म्हटलं, तसं नसतं झालं. ते हसले आणि पाणी घालत राहिले. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की तसंच झालं असतं.

गेल्या वर्षी सुट्टीत मी काचुलूच्या बाजारात मासळी घ्यायला गेले होते. वाळवलेल्या बारीक मासळीच्या ढिगामागे एक म्हातारी बसली होती आणि तिच्या शेजारी, टोपल्या लावायला मदत करत, एस्नाथ. केस पांढरे झालेत. तिने मला लगेच ओळखलं. मुलांचं, शाळेचं, पाण्याचं बोलणं झालं. त्या वर्षी सरोवर फार आटलं होतं. मग ती म्हणाली, "सर कसे आहेत?"

"नजर कमी झालीय. बाकी बरे आहेत."

तिने मान हलवली. जरा वेळाने म्हणाली, "तुम्ही खिडकीजवळ होतात ना, त्या पहिल्या दिवशी?"

"हो," मी म्हटलं. "मी हसले होते."

"माहीत आहे मला."

ती परत टोपल्या लावायला लागली. मला सांगायचं होतं की फेब्रुवारीत त्या खोलीत मीही होते, ते टाइप मीच केलं होतं, एकोणीस दिवस मलाही माहीत होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण म्हातारीने विचारलं, "किती देऊ, अमायी?" आणि मी म्हटलं, "दोन मापं द्या."